गोळी गिळल्यानंतर

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांची परंपरा जैन समाजाला नवी नाही. ठिकठिकाणी चालणारे धर्मार्थ दवाखाने, आरोग्य शिबिरे आणि पांजरपोळांत मुक्या जनावरांवर होणारे उपचार ही या परंपरेचीच फळे होत. मात्र या चारांत औषधदानाचे स्वरूप थोडे निराळे आहे. भुकेल्याच्या पानात अन्न वाढले की तो तृप्त होतो आणि देणाराही निश्चिंत होतो. औषधाच्या बाबतीत अशी निश्चिंती लाभत नाही. ते कोणाला दिले, किती दिले, केव्हा दिले आणि त्याच्या जोडीला आणखी काय दिले, यावर ते उपकारक ठरेल की अपायकारक, हे ठरते. शिवाय हे सारे गोळी गिळल्यानंतर, दृष्टीआड घडते. म्हणूनच घरातल्या माणसाच्या तळहातावर गोळी ठेवण्यापूर्वी ती पुढे कोठे जाते, काय करते आणि शरीरातून बाहेर कशी पडते, याची साधी ओळख प्रत्येक कुटुंबाला असणे अगत्याचे आहे.

गोळी जठरात विरघळते आणि मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात शोषली जाते. परंतु आतड्यातून निघालेले हे रक्त थेट सर्व शरीरात जात नाही. ते प्रथम यकृताकडे वळते. जुन्या काळी शहराच्या वेशीवर जकातनाका असे, तसे हे यकृत. येणाऱ्या प्रत्येक द्रव्याची तेथे तपासणी होते आणि काही औषधांचा मोठा भाग तेथेच निकामी केला जातो. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवावयाची नायट्रोग्लिसरीनची गोळी हे याचे उत्तम उदाहरण. ती गिळली तर यकृत तिचा बहुतेक अंश निष्प्रभ करते. जिभेखाली ठेवली तर ती तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून या नाक्याला वळसा घालून काही मिनिटांत हृदयापर्यंत पोहोचते. काही गोळ्यांवर जठरातील आम्लात न विरघळणारा लेप असतो, तर काही गोळ्या दिवसभरात थोडे थोडे औषध सोडतील अशा रीतीने बनविलेल्या असतात. वृद्धांना गिळणे सोपे जावे म्हणून घरातले कोणी अशी गोळी खलून मधातून देते, तेव्हा दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. ‘जिभेखाली’, ‘चावू नये’, ‘जेवणानंतर’, ‘उपाशीपोटी’ या चिठ्ठीवरील सूचना औषधाइतक्याच महत्त्वाच्या असतात, त्या यामुळेच.

रक्तात उतरलेले औषध कायम राहत नाही. यकृत त्याचे रूप बदलते, मूत्रपिंडे ते गाळून बाहेर टाकतात आणि त्याचे प्रमाण क्रमाने घटत जाते. रक्तातील औषध निम्मे होण्यास जितका वेळ लागतो त्याला त्या औषधाचा अर्धायुकाल म्हणतात. चक्रवाढ व्याजाने मुद्दल वाढत जाते, त्याच्या नेमके उलट हे गणित आहे. पहिल्या अर्धायुकालानंतर निम्मे, दुसऱ्यानंतर पाव, तिसऱ्यानंतर दोन आणे. पाच अर्धायुकाल उलटले की शेकडा तीनच्या आसपास शिल्लक. पॅरासिटामॉलचा अर्धायुकाल साधारण दोन ते तीन तासांचा, रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनचा ३० ते ५० तासांचा, तर थायरॉइडसाठी दिल्या जाणाऱ्या थायरॉक्सिनचा सुमारे सात दिवसांचा असतो.

हे आकडे कोरडे वाटले तरी रोजच्या व्यवहारात फार उपयोगी आहेत. रक्तदाबाची गोळी एक दिवस चुकली आणि काहीच झाले नाही, म्हणून ‘आता गोळीची गरज उरली नाही’ असा निष्कर्ष अनेक जण काढतात. वस्तुतः तो दिवस आधीच्या शिलकीवर निभावलेला असतो. शिल्लक संपली की रक्तदाब पुन्हा चढतो आणि चढताना तो बहुधा कसलीही वर्दी देत नाही. याउलट, गुण लवकर यावा म्हणून ठरलेल्या वेळेआधी दुसरी गोळी घेतली, किंवा काल राहिलेली आणि आजची अशा दोन एकदम घेतल्या, तर पहिलीचा निचरा होण्यापूर्वीच दुसरीची भर पडते. वृद्धापकाळी यकृत आणि मूत्रपिंडे यांचे काम मंदावलेले असते. त्यामुळे चाळिशीतल्या मुलाला सहज सोसणारी मात्रा पंचाहत्तरीच्या वडिलांच्या अंगात साचत जाऊ शकते. वडिलांना मुलाची गोळी देणे म्हणूनच धोक्याचे.

औषधाविषयीचा सर्वात मोठा गैरसमज असा की, ते दुखऱ्या जागी जाऊन काम करते. गुडघेदुखीची गोळी घेणाऱ्यास वाटते की ती गुडघ्यात जाते. गोळीला गुडघा ठाऊक नसतो. ती रक्ताबरोबर सर्व शरीरात फिरते आणि जेथे जेथे तिला काम सापडते तेथे तेथे ते करते. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके नेमके काय करतात, हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि ती सूज व वेदना वाढवितात. वेदनाशामके या द्रव्यांची निर्मिती रोखतात. प्रोस्टाग्लँडिनविषयीच्या संशोधनासाठी व्हेन यांना अन्य दोन शास्त्रज्ञांसमवेत १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु गुडघ्यात वेदना निर्माण करणारी हीच द्रव्ये जठरात त्याच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात, आणि शरीरात पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या मोकळ्या ठेवतात. गुडघ्यातील उपद्रवी कारागीर जठरात आणि मूत्रपिंडात इमानी रखवालदार असतो. गोळी दोघांनाही एकाच वेळी कामावरून दूर करते. म्हणून गुडघ्याला आराम पडतो आणि त्याच गोळीने कोणाच्या जठरात व्रण होतो, तर कोणाचे मूत्रपिंड थकते.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. अशी घरे गावोगाव आहेत. आजींचे वय ७२. रक्तदाबासाठी त्या दोन गोळ्या घेतात: एक रक्तवाहिन्या सैल करणारी आणि दुसरी लघवीवाटे पाणी व मीठ कमी करणारी. दोन्ही योग्य डॉक्टरांनी योग्य तपासणी करून दिलेल्या. गुडघे धरले म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनी पाच दिवसांसाठी वेदनाशामक लिहून दिले. गुण आला. पाच दिवसांनी चिठ्ठीची मुदत संपली, पण रिकामे पाकीट दाखवून औषधाच्या दुकानातून नवे पाकीट आणण्याचा परिपाठ घरात पडून गेला. मुलाने आणले, सुनेने आणले, एकदा नातवानेही आणले. शेजारणीने सुचविलेली आणखी एक गोळी आली; तिचे नाव वेगळे, पण आतील द्रव्य तेच. कोणाच्याही मनात प्रेमाखेरीज काही नव्हते. मग भाद्रपद आला. आजींनी दशलक्षण पर्वात उपवास केले, पाणी अगदी मोजके घेतले आणि मंदिराच्या पायऱ्या चढता याव्यात म्हणून गुडघ्याची गोळी मात्र न चुकता चालू ठेवली.

आता मूत्रपिंडाच्या बाजूने पाहावे. पाणी कमी, त्यात पाणी काढणारी गोळी. म्हणजे गाळण्यासाठी येणारे रक्तच घटलेले. वेदनाशामकामुळे रक्त आत आणणारी वाहिनी आकसलेली. रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळीमुळे रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल. गाळणी चालण्यासाठी जो दाब लागतो, तो उरतच नाही. या तीन औषधांचा हा संगम डॉक्टरांना चांगला परिचित आहे आणि ते त्याची धास्ती बाळगतात. मूत्रपिंड दुखत नाही. लघवी कमी होते, पावलांवर सूज येते, मळमळते, माणूस गळून जातो. आणि घरातले म्हणतात, वय झाले, उपवास झेपला नाही. रक्तातील क्रिएटिनिन तपासले की खरा प्रकार कळतो. वेळेवर कळला तर औषध थांबवून आणि पाण्याची तूट भरून काढून मूत्रपिंड बहुधा सावरते. उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येते. या सर्व प्रकरणात एकाही डॉक्टरांचे चुकलेले नाही. रक्तदाबाच्या डॉक्टरांना गुडघ्याची गोळी ठाऊक नव्हती, अस्थिरोगतज्ज्ञांना उपवास ठाऊक नव्हता आणि घराला कोणाचेच पूर्ण ठाऊक नव्हते. खतावणीतील प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे बरोबर होती. ताळा मात्र कोणीच जमविला नव्हता.

ताळा न जमविण्याचा दुसरा प्रकार पॅरासिटामॉलचा. हे औषध योग्य मात्रेत अत्यंत सुरक्षित आहे आणि त्यामुळेच त्याच्याविषयी बेफिकिरी अधिक. सुदृढ प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असा नियम आहे. ५०० मिलिग्रॅमच्या आठ किंवा ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांत ही मर्यादा गाठली जाते. कृश, वृद्ध किंवा यकृताचा विकार असलेल्यांसाठी डॉक्टर ती आणखी खाली आणतात. अडचण अशी की, तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल असते, सर्दीच्या गोळीत असते, अंगदुखीच्या संयुक्त गोळीतही बहुधा असते. तीन नावांची तीन पाकिटे आणि आत एकच द्रव्य, याची जाणीव घेणाऱ्यास नसते. पॅरासिटामॉलचा थोडा अंश यकृतात विषारी रूप धारण करतो. ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्याला लगेच निरुपद्रवी करते. मात्रा अती झाली की हा साठा संपतो आणि मग यकृताच्या पेशी मरू लागतात. सलग उपवासातही हा साठा घटतो, ही गोष्ट तप करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत द्रव्याचे नाव असते. औषध विकत घेताना वाचावयाचे ते हे बारीक अक्षर.

उपवास आणि औषध यांचा मेळ हा जैन कुटुंबांसाठी खास विचाराचा विषय आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावतात. पोटात अन्न आहे की नाही, याची त्या चौकशी करीत नाहीत. उपवासाच्या दिवशी ती गोळी घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, हातापायांना कंप, बोलण्यात असंबद्धता ही तिची लक्षणे. अशा वेळी साखर देण्यास क्षणाचाही विलंब करू नये. याच्या उलट, उपवास आहे म्हणून इन्सुलिन किंवा हृदयाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणेही तितकेच घातक. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असेल तर रात्रीच्या गोळीचे काय, हा प्रश्न संकोच न करता डॉक्टरांपुढे ठेवावा. अनेक औषधांची वेळ बदलता येते, काहींच्या जागी दिवसातून एकदाच घ्यावयाचे औषध देता येते, काहींची वेळ मुळीच बदलता येत नाही. यांतील भेद डॉक्टरच सांगू शकतात. पर्वाच्या महिनाभर आधी अशी एक भेट ठरवून घेतली तर व्रत आणि प्रकृती या दोहोंचा मान राखला जातो. व्रत डॉक्टरांपासून लपविणे मात्र दोहोंवरही अन्याय करणारे आहे.

शाकाहारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ठाऊक करून घ्यावी. मधुमेहात सर्वाधिक वापरले जाणारे मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यास शरीराची बी-१२ जीवनसत्त्व शोषून घेण्याची शक्ती मंदावू शकते. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते; शाकाहाऱ्यांना ते मुख्यतः दूध आणि दुग्धजन्य पदार्थांतूनच मिळते. मुळात कमी आवक, त्यात शोषणाची घट. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण, थकवा या तक्रारी मधुमेहाच्या किंवा वार्धक्याच्या खात्यावर टाकल्या जातात, आणि साध्या रक्ततपासणीने कळणारी, सहज भरून निघणारी कमतरता वर्षानुवर्षे तशीच राहते. मेटफॉर्मिन बंद करण्याचे हे कारण नव्हे. बी-१२ तपासून घेण्याचे मात्र निश्चित आहे. कॅप्सूलच्या आवरणाचा प्रश्नही असाच मोकळेपणाने विचारावा. बहुतेक कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते. वनस्पतिजन्य सेल्युलोजचे आवरणही वापरात आहे आणि काही औषधे गोळीच्या रूपातही मिळतात. विचारल्यास पर्याय निघू शकतो. कॅप्सूल उघडून आतील भुकटी घेण्याचा उपाय मात्र स्वतःहून करू नये, कारण ते आवरण अनेकदा औषध योग्य जागी उतरावे म्हणूनच योजलेले असते.

औषधाचा परिणाम घेणाऱ्याच्या देहापाशी थांबत नाही, हे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत भारताने एका मोठ्या हानीतून अनुभवले आहे. १९९० च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे माना टाकून मरताना दिसू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ही घसरण नोंदविली. रोग असावा, कीटकनाशक असावे, असे अनेक तर्क झाले. २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी कारण शोधून काढले: डायक्लोफिनॅक. माणसाच्या गुडघेदुखीवरचे हेच वेदनाशामक स्वस्त झाल्यावर लंगडणाऱ्या, म्हाताऱ्या गाईबैलांना टोचले जाऊ लागले होते. अशा उपचारानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत आणि यूरिक आम्लाचे पांढरे थर आतील अवयवांवर साचून ती काही दिवसांत मरत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. ज्या शेतकऱ्याने आपल्या बैलाच्या वेदना पाहवेनात म्हणून ती सुई टोचून घेतली, त्याच्या मनात करुणाच होती. ज्ञानाची जोड नसलेली करुणा किती दूरवर संहार करू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

२००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम पर्याय म्हणून उपलब्ध होते. तरीही माणसांसाठी बनविलेल्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या; म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनच्या कुपीचा आकार एका मात्रेपुरता, ३ मिलिलिटर इतका मर्यादित करावा लागला. गुरांच्या शरीरात एसिक्लोफिनॅकचे डायक्लोफिनॅकमध्ये रूपांतर होते, हे लक्षात आल्यावर २०२३ मध्ये जनावरांसाठी एसिक्लोफिनॅक व केटोप्रोफेन यांवरही बंदी आली. गोशाळा आणि पांजरपोळ चालविणाऱ्या संस्थांनी आपल्या औषधकपाटात यांपैकी काही शिल्लक नाही ना, हे एकदा स्वतः पाहावे. जीवदयेच्या कामाचा हा अविभाज्य भाग आहे.

प्रतिजैविकांची, म्हणजे अँटिबायोटिकची, गोष्टही देहाबाहेर पसरणारी आहे. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेमुळे जंतू मरणार नाहीत, उलट त्या औषधाला दाद न देण्यास शिकतील. आज नेमके तेच घडत आहे. विषाणूंमुळे होणाऱ्या साध्या सर्दीवर प्रतिजैविक काहीच करीत नाही. ते फक्त शरीरातील उपयुक्त जंतू मारते आणि उरलेल्यांना अधिक चिवट बनविते. असा चिवट जंतू घेणाऱ्यापुरता राहत नाही. तो घरातल्या तान्ह्या बाळापर्यंत आणि शेजारच्या रुग्णापर्यंत पोहोचतो. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ परिशिष्टातील प्रतिजैविके विकताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपणे औषधविक्रेत्यास बंधनकारक आहे. पाकिटावरील उभी लाल रेघही हेच सांगते की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये.

या सर्वांवरचा उपाय खर्चिक नाही. घरातल्या प्रत्येक ज्येष्ठ व्यक्तीसाठी एक कागद असावा. त्यावर चालू असलेल्या प्रत्येक औषधातील द्रव्याचे नाव, मात्रा, वेळ, ते कोणत्या डॉक्टरांनी कशासाठी आणि किती दिवसांसाठी दिले, हे लिहावे. दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णे, काढे आणि शक्तीच्या गोळ्याही त्यात याव्यात. ‘ते काही औषध नव्हे’ असे म्हणून त्यांना वगळू नये. कशाची ॲलर्जी आहे आणि कोणते व्रत पाळले जाते, हेही नोंदवावे. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना हा कागद सोबत न्यावा आणि यांतील काही आता कमी करता येईल का, असे वर्षातून एकदा तरी विचारावे. चालू केलेले औषध कधी थांबवायचे, हा प्रश्न रुग्णाने विचारला नाही तर अनेकदा तो विचारलाच जात नाही.

उरलेली औषधे दान करण्याची भावना स्तुत्य आहे; परंतु तेथेही हाच विवेक हवा. मुदत संपलेली, अर्धे कापलेले पाकीट असल्याने नाव वा तारीख न कळणारी, उघडलेल्या बाटलीतील किंवा उन्हात, दमट जागी राहिलेली औषधे दानपेटीत टाकू नयेत. जे आपल्या आईला द्यावयास मन धजणार नाही, ते दुसऱ्याच्या आईला देण्याने पुण्य पदरी पडत नाही. सीलबंद, मुदतीतली औषधे धर्मार्थ दवाखान्यातील डॉक्टर किंवा औषधनिर्माते यांच्या हाती सोपवावीत आणि कोणाला काय द्यावयाचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. औषधदानात देणाऱ्याची श्रद्धा आणि जाणकाराचे ज्ञान ही दोन्ही एकत्र यावी लागतात. घेणाऱ्याचे कल्याण त्या दोहोंच्या मेळात आहे.